साप शून्य, जनावरं भरपूर

आमच्या कॉलेजात निसर्ग संग्रहालय आहे, असं फलकावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली आहे. आत भुसा भरलेलं एक तरस आहे. त्याच्या पोटाची शिवण उसवल्यामुळे ते कित्येक वर्षं बाळंत व्हायच्या बेतात दिसतं. भिंतीलगत काचेच्या बरण्या, त्यांत बुडालेले साप, विंचू आणि एक सरडा. त्याचा रंग आता दुसऱ्या सरड्यालाही ओळखू येणार नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे. किल्लीबरोबर मान मिळाला नाही, वास मिळाला. तो शर्टातून जात नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

मधे कधीतरी वरून फर्मान आलं की संग्रहालय लोकांपर्यंत न्या. आता तरस उचलून गावोगाव फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून लोकांनाच रविवारी बोलवायला लागलो. पहिल्या रविवारी मी पक्ष्यांच्या घरट्यांवर तासभर बोललो, मग पोहे झाले. माणसं बऱ्यापैकी आली. पुढच्या रविवारी फुलपाखरं होती आणि पोहे नव्हते, तर मी आणि शिपाई असे दोघंच फुलपाखरं बघत बसलो. तेव्हापासून विषय काहीही असो, पोहे कायम केले.

हे असंच पोह्यांवर चाललं असतं, पण अक्का मधे आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारूरच्या डोंगराखाली शेतातच तिची वस्ती आहे. दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला दाजी, म्हणजे तिचे मालक, गुरांना कडबा टाकायला गेले आणि गंजीच्या बुडाशी त्यांच्या पायाला घोणस चावली. गावात सरकारी दवाखाना आहे. नर्सबाई आहेत, फ्रिज आहे, फ्रिजमध्ये लहान पोरांच्या लसी आहेत. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तेवढं नव्हतं. जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेईपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. जीव वाचला, पण दाजी अजून तो पाय ओढत चालतात.

तेव्हापासून अक्काचं एकच मागणं होतं. गावच्या फ्रिजमध्ये ते इंजेक्शन पाहिजे. तिनं सरपंच गाठले, पुढारी गाठले, शेवटी तालुक्याचे आरोग्य अधिकारी गाठले. साहेब म्हणाले, तुमच्या भागात साप इतके आहेत याला पुरावा काय? एका माणसाला चावला म्हणजे सगळीकडे साप होत नाहीत. अक्का माझ्याकडे आली आणि बरण्यांसमोरच्या बाकावर बसून रडली. "सून पोटुशी हाय रे. रातंदिस रानात असती. तिला चावलं तर जीप तरी टायमाला घावंल का?" माझी बहीण लग्नाच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती, उलट आचाऱ्याशी भांडून निघाली होती. मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, पुरावा मी देतो. संग्रहालय मोजणी करेल.

मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयातल्या मॅडमना अशा कामाचा अनुभव होता. लोकांनीच निरीक्षण करायचं, लोकांनीच कळवायचं, आपण फक्त गोळा करायचं, याला त्या लोकविज्ञान म्हणत. माझा सगळा जन्म विज्ञानात गेला, त्यात लोक पहिल्यांदाच येत होते. ठरलं असं की पावसाळाभर डोंगराखालच्या गावांनी साप दिसला की फोनवर बोलून निरोप पाठवायचा. मॅडमकडचं यंत्र ते बोलणं ऐकून लिहून काढणार, कोणता प्राणी कुठे दिसला याची विभागणी करणार आणि दसऱ्याआधी नकाशा तयार होणार. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मग सांगायला कोण उरतं.

निरोपांचा नुसता पाऊस पडला. "सर, आज चुलीमागं जनावर निघालं." "मास्तर, पोराच्या बुटात जनावर हुतं, बारकं हुतं पर लई चपळ." एका मेंढपाळानं तर सकाळी उठल्यावर घोंगडीत काय सापडलं ते इतक्या रंगात येऊन सांगितलं की मी जेवताना पाय पोटाशी घेतले. सगळ्यांत जास्त निरोप अक्काचे. मी ऐकायचो आणि पुढे पाठवून द्यायचो. कामाला असा जोर आला होता की प्राचार्यसुद्धा मला नावानं ओळखायला लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अक्का जगात दोन नावं घेत नाही. एक दाजींचं, एक सापाचं. एक मानानं आणि एक भीतीनं. कुठलं कशानं, ते मी कधी विचारलं नाही. सापाला ती जनावर म्हणते, नाहीतर लांबडं. तीच काय, आमच्याकडे कोणीच म्हणत नाही, दिवस कलल्यावर तर नाहीच. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. ज्या संध्याकाळी दाजींना चावलं, त्या संध्याकाळी ते अक्काला चेष्टेनं म्हणाले होते, "साप मागं लागल्यावानी काहून पळायलीस?" अक्काच्या लेखी कारण तिथेच सापडलं. मी तिला समजावलं होतं की सापाला आपल्यासारखे कान नसतात, त्याला बोलणं कळत नाही. ती म्हणाली, "तुजं बरुबर हाय. पर चावलं कुणाला?"

शेवटी नकाशा दाखवायचा रविवार आला. साहेबांना बोलावलं होतं. कार्यक्रम दुपारचा होता, म्हणून साहेब दिवस मावळताना आले. तोवर लोकांचे दोनदा पोहे झाले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या दोघांनी तरसावर कोपर टेकले होते. अक्का आणि दाजी दुसऱ्या रांगेत होते. मॅडमनी पडद्यावर नकाशा लावला. गावोगाव छान हिरवे ठिपके होते. कोपऱ्यात लिहिलं होतं: साप शून्य, पाळीव जनावरं भरपूर.

यंत्र शिकलेलं होतं. जनावर म्हणजे गुरं, एवढी मराठी त्याला पक्की येत होती. बुटात निघालेलं, चुलीमागं फुसफुसणारं, घोंगडीत वेटोळं घालून बसलेलं ते सगळं त्यानं बिनतक्रार गोठ्यात नेऊन बांधलं होतं. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "सर, मला वाटलं तुमच्याकडे गुरं घरातच ठेवतात." आणि मी? मी ते सगळे निरोप ऐकले होते. पण माझ्या कानाला जनावर म्हटलं की सापच ऐकू येतो, त्यामुळे काही चुकतंय असं मला वाटायचा प्रश्नच नव्हता.

मी उठून साहेबांना उलगडून सांगितलं. साहेब हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. "सर, शून्य आल्यावर तुम्ही शब्दाचा अर्थ बदलताय. मला वर पाठवायला साप लागतो. जनावरांचं पशुवैद्यकीय खात्याकडे पाठवा." मग ते मागे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुम्हीच सांगा. साप किती जणांनी पाहिलाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. आयुष्यभर साप बघत आलेली माणसं जमिनीकडे बघत बसली. घोंगडीवाला मेंढपाळ पुटपुटला, "दिवस कललाय सायेब. तसलं नगा बोलू."

"म्हणजे नाही पाहिला."

"न्हाई कसं? जनावर रोज बगतो आमी."

"मी साप विचारतोय."

"तेच म्हंतो की."

"मग म्हणा ना."

मेंढपाळानं कानाला हात लावला. माझं डोकं इतकं तापलं होतं की एखादी बरणी उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवावी असं वाटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली.

"थांबा सायेब," अक्का म्हणाली.

ती उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट केला. तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा दाजींच्या त्या पायाकडे पाहिलं, आणि मी जन्मात तिचा ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात त्यांना म्हणाली, "अवो, पाय वर घ्या."

दाजींनी चांगला पाय खुर्चीवर घेतला, दुसरा दोन्ही हातांनी उचलून घेतला. मांडी घालून बसले आणि मान हलवली.

"साप," अक्का म्हणाली. मग आवाज वाढवून म्हणाली, "साप हायत. घरात हायत, गंजीत हायत, लई हायत. माज्या मालकाला सापच चावला. आता लिवा."

खोलीत खुर्च्यांचा आणि बाकांचा एकच खडखडाट झाला. पुढच्या रांगेपासून दारापर्यंत सगळ्यांनी पाय वर घेतले होते. मॅडमनी घेतले होते. सापाला कान नसतात हे वर्षानुवर्षं शिकवणारा मी, मीही घेतले होते. अक्का एकटी खाली पाय ठेवून उभी होती.

साहेबांनी पिशवी खाली ठेवली. मग बूट काढले, दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, आणि तसंच बसून तिला विचारलं, "ताई, तुमच्या दवाखान्यातला फ्रिज चालू आहे का?"