आत्याने ठेवलेलं नाव

सुनीती दामल्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट सांगवत नसे. त्या मुळापासून सुरुवात करायच्या. फांद्या, पानं, फुलं सगळं सांगून व्हायचं आणि नेमकं शेवटचं, कामाचं वाक्य राहून जायचं. त्यांचे यजमान विवेकराव म्हणत, हिला स्टेशनचा रस्ता विचारला तर स्टेशन कुणी बांधलं ते कळेल, गाडी मात्र चुकेल.

मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरातल्या एका बालसंगोपन केंद्रात सुनीतीबाईंनी अनेक वर्षं काढली होती. दीड-दोन वर्षांच्या मुलांची खोली त्यांच्याकडे असे. रडणाऱ्याला उचलायचं, चावणाऱ्याला बाजूला घ्यायचं, सगळ्यांना एका वेळी झोपवायचं, हे काम त्या मराठी-इंग्रजीच्या खिचडीत बिनबोभाट करत. त्रास असा एकच होता, तो नावांचा. त्या मेलबर्नला आल्या तेव्हा हेन्री म्हणजे काठी टेकत बागेत येणारा म्हातारा असायचा. ते नाव त्या म्हाताऱ्यांबरोबरच संपणार, असं त्यांनी धरलं होतं. पण झालं उलटंच. आजोबांची नावं नातवंडांवर परत आली, आणि गेली काही वर्षं तर हेन्री लोकप्रिय नावांच्या यादीत वरच्या बाजूला ठाण मांडून बसला होता. सुनीतीबाईंच्या खोलीत एक दुडदुडणारा हेन्री होता, एक दात येणारा हेन्री होता, आणि एकाला हाक मारली की दोघंही नाक पुसायला हजर होत.

म्हणून त्यांची मुलगी स्वरदा गरोदर राहिली तेव्हा सुनीतीबाईंनी मनात एक गोष्ट पक्की केली. जावई डॅन चांगला मुलगा होता, त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण बाळाचं आडनाव मॅकिन्टायर असणार हे ठरलेलंच होतं. मग निदान नाव तरी मराठी हवं. नाहीतर उद्या हा मुलगा जगात कुठेही उभा राहिला, तरी तो आपला आहे हे कुणाला कळायचं कसं? मुलगा झाला तर अनिकेत. हे नाव त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात त्याला हाका मारून झाल्या होत्या.

आणि मग त्यांनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

डॅनची मोठी बहीण कर्स्टी, कोलॅक गावाजवळ दुधाच्या गाई पाळणारी, डोहाळजेवणाला आली होती. ती उंच, मोठ्या हातांची बाई होती, तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि लहानथोर सगळ्यांना ती नुसत्या नावाने हाक मारायची. हिरव्या साडीतल्या स्वरदाकडे कौतुकाने बघत तिने विचारलं की या सगळ्यात माझं काम काय. सुनीतीबाईंना असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. त्यांनी बारसं सांगितलं, पाळणा सांगितला, घुगऱ्या सांगितल्या. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणाल्या. आईबापांनासुद्धा तो मान नाही. कानात पहिल्यांदा सांगायचं तेही तिनेच.

नाव आधी घरच्यांनी ठरवलेलं असतं, आत्या ते फक्त सांगते आणि आपली साडी घेते, हे शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

कर्स्टीचे डोळे भरून आले. एवढं मोठं काम आजवर मला कुणी दिलं नव्हतं, असं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून विचाराला लागली.

ही बातमी स्वरदाकडून कळली तेव्हा सुनीतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, पण ती खरंच ठरवणार? स्वतः?"

"तूच सांगितलंस ना आई? आता मी कशी नाही म्हणू? शी इज सो हॅपी. गाईंची नावंसुद्धा ती दोन-दोन दिवस विचार करून ठेवते."

"गाईंची!"

"डॅन म्हणतो, नो वरीज."

डॅनला जगात कशाचीच वरी नव्हती. विवेकरावांनाही नव्हती. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले की तू आत्याला मुखत्यारपत्र करून दिलंस, आता सही परत मागू नकोस. सुनीतीबाई दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

यथावकाश मुलगा झाला. गोरा, टकलू, संतापी. आता सरळ सांगितलं तर कर्स्टी दुखावणार, नाही सांगितलं तर नाव जाणार. सुनीतीबाईंनी मधला मार्ग काढला. मुलं झोपलेली बघून त्यांनी केंद्रातूनच कर्स्टीला फोन लावला, ब्लाउजच्या मापाचं निमित्त केलं, आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या की अनिकेत हे एक चांगलं नाव आहे, उच्चारायलाही सोपं. कर्स्टीने ते दोनदा नीट म्हणून पाहिलं आणि अर्थ विचारला. सुनीतीबाईंनी महादेवापासून सुरुवात केली. कैलास झाला, राख फासलेलं अंग झालं, इतक्यात दात येणारा हेन्री जागा होऊन शेजारच्या मुलीला चावला. मग सांगते, नाहीतर तूच शोध, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर त्या निश्चिंत होत्या. इशारा पोचला होता.

बारसं रविवारी होतं. पाळणा नव्हता, म्हणून कॉटलाच झेंडूच्या माळा बांधल्या. सुनीतीबाईंनी कर्स्टीला साडी नेसवली; ती तिच्या पायांना जेमतेम पोचली. शेजारच्या सुखदा आणि करुणा पाळणा म्हणायला आल्या होत्या. कर्स्टी कॉटवर वाकली, शिकवल्याबरहुकूम बाळाच्या कानात कुर्र केलं आणि काहीतरी पुटपुटली. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हेही सुनीतीबाईंनी तिला आवर्जून सांगून ठेवलं होतं, म्हणून ती पाठ पुढे करून हसत उभी होती. सुखदाने हलकेच घातला, करुणाने घातला.

"काय ठेवलं? मोठ्याने सांग," स्वरदा म्हणाली.

"हेन्री."

सुनीतीबाईंचा धपाटा त्यानंतर पडला. तो रीतीपेक्षा बराच जोरात होता. कर्स्टीला वाटलं, आजीला नाव फारच आवडलं.

जेवणं सुरू झाली तरी सुनीतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. भांडी मात्र नको तितकी वाजली. शेवटी कर्स्टीच आपलं ताट घेऊन आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"सुनीती, तू सुचवलेलं नाव मी शोधलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बरं झालं मी शोधलं. तुला माहीत होतं त्याचा अर्थ? ज्याला घर नाही असा."

सुनीतीबाईंनी नळ बंद केला.

कर्स्टी सांगत गेली. तुम्ही या देशात नवीन होतात तेव्हा घरमालक वारंवार घर बदलायला लावत, स्वरदा बाहुलीसुद्धा खोक्यातून बाहेर काढायची नाही, हे तूच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतंस. त्या मुलीच्या मुलाचं नाव बेघर? मला झोप येईना. मग मी उलट अर्थाचं नाव शोधलं. हेन्री जुनं आहे, जर्मनांकडून फ्रेंचांकडे आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आलं, पुढे राजांनी लावलं. पण मुळात दोनच शब्द आहेत त्यात, घर आणि सत्ता. आपल्या घरावर ज्याचं राज्य आहे तो.

सुनीतीबाई हातातल्या डावाकडे बघत होत्या. अनिकेत म्हणजे महादेव. त्याला घर नाही, कारण सगळं जगच त्याचं घर. हेच ते शेवटचं वाक्य. त्यांनी ते आता सांगितलं, सावकाश, पूर्ण.

कर्स्टीचा चेहरा उतरला. "मग माझं चुकलं. अजून नोंदणी झालेली नाही. तू म्हणशील ते करू. आत्ता बदलू."

इतके महिने जे हवं होतं, ते समोर आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. बाहेर स्वरदा बाळाला थोपटत होती. त्याच स्वरदाची ती बाहुली, तो खोका, एकदाच कधीतरी सांगितलेला, या गाईवालीने जपून ठेवला होता. इथे जन्म काढलेल्या मराठी मैत्रिणींपैकी कुणाला तो आठवत नव्हता.

"नाही," सुनीतीबाई चिडूनच म्हणाल्या. "कानात गेलेलं नाव परत काढत नाहीत. माझी आई सांगायची. जेव, भात गार होतोय."

पण हेन्री म्हणून हाक मारायला त्यांची जीभ काही वळेना. ती हाक मारली की नाकं पुसावीशी वाटत. ए बाळा, अरे ए, असं करत आठवडा गेला. मग एका सकाळी ते टकलू पोर मुठी आवळून सगळं घर डोक्यावर घेत असताना त्यांनी त्याला उचललं.

"काय झालं घरधनी? कुणी राज्य घेतलं तुमचं?"

विवेकरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मला म्हणालीस?"

"तुम्हाला कशाला म्हणेन? तुमचं कधी राज्य होतं?"

त्यानंतर ते नावच पडलं. स्वरदा म्हणू लागली, डॅन आपल्या परीने म्हणू लागला.

पुढच्या रविवारी कर्स्टीचा फोन आला. आता आत्याचं पुढचं काम काय, तिने उत्साहाने विचारलं. सुनीतीबाईंच्या मनात जावळ आलं, उष्टावण आलं, मुंज आली. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, कुकर बंद असल्याची खात्री केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं वाक्य आधी सांगितलं.

"काहीही करायच्या आधी मला विचारायचं."