दोरीवरचा शर्ट

सही जुळेना म्हणून परवा बँकेत अंगठा दिला. शाईच्या पॅडचा वास आला आणि मुकुंदवाडीतली एक दुपार आठवली. शेजारची बाई नवऱ्यानं टाकलेली, दोन मुलींना घेऊन एकटी राहायची. घरात गडीमाणूस आहे असं वाटावं म्हणून माझ्या बायकोनं तिला माझा जुना निळा शर्ट दिला होता. तो ती रोज दोरीवर वाळत टाकायची. निराधार योजनेसाठी तिनं अर्ज केला, तेव्हा तलाठी पंचनाम्याला आले. पंच आम्ही दोघं, मी आणि आमच्या पक्षाचे वॉर्डातले पुढारी. "सरकार असं पोसायला लागलं तर उद्या कोणती बाई नांदंल, सर?" पुढारी म्हणाले. मी मान डोलावली. सभांमधून मीही तेच बोलायचो. तेवढ्यात तलाठ्यांना शर्ट दिसला. "बाई, हा कुणाचा?" "पाव्हणा लई दिवसांचा दिसतोय," पुढारी हसले. माझा आहे म्हणालो तर गल्ली काय समजेल, या भीतीनं माझी जीभ उचलेना. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. "कुणी दार वाजवू नये म्हणून टाकते, साहेब." माझं नाव तिनं घेतलं नाही. तलाठ्यांनी ‘घरात पुरुषाचा वावर’ असं लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि खाली मी सही केली. अर्ज नामंजूर झाला. पुढं घर सोडून चितेगावला कंपनीत कामाला जाताना तिनं शर्ट धुऊन, घडी घालून बायकोला परत दिला. "तिच्या अर्जाचं काय झालं हो?" बायकोनं विचारलं. "कागद कमी पडले," मी म्हणालो. बायको गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत ती तेच खरं समजत होती.