भिंगरी साहेब

आमच्या साहेबांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत माणूस सकाळपासून चालत असायचा. चहा चालता चालता, फोन वायर पुरेल तेवढं चालत, आणि आम्हाला झापणंही चालतच. मागून आम्ही त्यांना भिंगरी साहेब म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. तांब्याच्या वेटोळ्यात लोखंडी दांडा ठेवायचा आणि भट्टीशिवाय, नुसत्या विजेने लालबुंद करायचा, असलं आमचं काम. साधी वीज त्याला पुरत नाही, सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट व्हावी लागते. ती तशी करणारा इन्व्हर्टर बाहेरून न आणता इथेच बनवायचा, हे साहेबांचं वेड. आणि तो मेला दर दोन दिवसांनी फटाक्यासारखा उडायचा. आम्ही तोंडं पाडून उभे, साहेब जळक्या भागांभोवती फेऱ्या मारताहेत. "उडाला ना? मग का उडाला ते सांग. चालणारं मशीन काही शिकवत नाही गं."

त्यांचा एक नियम होता. वेटोळ्याजवळ जाताना अंगावरचा धातू उतरवायचा, नाहीतर तोही तापतो. लग्नानंतर मी कामावर आले त्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट केलं. "वर्षा, तेही." मी मंगळसूत्र पर्समध्ये ठेवलं आणि संध्याकाळी घाईघाईत तशीच कल्याणला घरी गेले. झालं. सासूबाईंनी दारातच पाहिलं. "नवरा धडधाकट असताना ओका गळा? असली नोकरी नको आपल्या घरात." नवऱ्याने पेपर तोंडापुढे धरला तो खाली म्हणून घेतला नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला ते काम सोडायचं नव्हतं, काही झालं तरी नाही.

साहेबांच्या कानावर घातलं, तर रविवारी स्वारी थेट घरी. आधी खोलीत येरझाऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "बसा हो," आणि काय आश्चर्य, बसले. हात पुढे केला. एका बोटावर पांढरट व्रण होता, गोल.

"काकू, लग्नातली अंगठी. अपशकुन नको म्हणून काढली नव्हती. एवढा शिकलेला मी, तरी नाही काढली. बोटातच तापली. कापून काढेपर्यंत गुरासारखा ओरडत होतो."

सासूबाईंनी ते बोट निरखून पाहिलं. "बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, अंगठी काय, दुसरी करता येईल."

सासूबाई उठल्या आणि चहा टाकला. सोमवारी मला म्हणाल्या, "काढ तिथे. पण येताना घालून ये, शेजारीपाजारी डोळे लावून असतात."

पुढे इन्व्हर्टर चालला. दिवसभर चालला तेव्हा साहेब लहान मुलासारखे हसले. पण नव्वदनंतर वारं फिरलं. मालकांनी परदेशी मशीन आणायचं ठरवलं, संशोधन बंद केलं आणि साहेबांना निरोप दिला. आमचा इन्व्हर्टर कोपऱ्यात गेला. मला दुरुस्तीच्या विभागात टाकलं. साहेब जाताना एवढंच म्हणाले, "आपलं जुनं मशीन चालतं ठेव." मला इतका संताप आला होता की रडूही येईना.

घरी येऊन चप्पलही न काढता मी म्हटलं, "उद्या राजीनामा देते."

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे की. साहेब तर गेलेच. तूही गेलीस, तर तिथे त्यांचं म्हणून काय राहील गं?"