लाखेतले खळगे

परंड्यातल्या एका कारागिरांच्या घरातून खडे चोरीला गेले. मी तेव्हा तिथे फौजदार होतो; तो दिवस अजून विसरलेलो नाही.

खडे तामड्याचे होते. हा लाल दगड खाणीतून येतो तेव्हा गुळाच्या ढेकळासारखा दिसतो. कारागीर तो काठीच्या टोकावर गरम लाखेत बसवून फिरत्या चाकावर पैलू पाडत. आधी वरची बाजू, मग उलटा बसवून खालची. शेवटी सोन्याच्या कोंदणात जडवत.

माल धाराशिवच्या एका सराफांचा. ते ठाण्यात सरळच म्हणाले, "चोर घरातलाच आहे, साहेब. यांनीच विकले."

कारागिरांनी मान वर केली नाही. "भरपाई दीन म्या. पण आता मला कुणी खडा देणार न्हाय."

मी गुन्हा नोंदवून पंचनामा केला. चोराने खडे उपटून नेले होते, काठ्या तिथेच टाकल्या होत्या. सवयीने त्याही जप्त करून सील केल्या.

मग जिल्ह्यातल्याच वाशीच्या बाजारातून खबऱ्याचा फोन आला. "खोट्या माळा विकणारा एकजण लाल खडे दाखवतोय. वरून लई चमकत्यात, खालून नुसता दगड."

चोरीला गेलेले खडेही असेच अर्धे होते. वरची बाजू झालेली, खालची बाकी! ताबडतोब जीप काढली.

चौकशीत तो माणूस जराही गडबडला नाही. "जैपूरचा तयार माल हाय."

"मग खालची बाजू जैपुरातच ऱ्हायली का रं?" हवालदारांनी विचारले.

"ती कोंदणात झाकती, साहेब. तिला कोण घासतंय?"

उत्तर पटण्यासारखे होते. पण पंचनाम्याच्या वेळी मी एक पुरा झालेला खडा उजेडात धरला होता. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवरून परततो, तेव्हाच खडा आतून पेटतो. तयार माल असा अर्धा नसतो. तरी कोर्टात एवढ्यावर भागले नसते.

आणि एकदम सुचले. खालची ओबडधोबड बाजू लाखेत रुतलेली असते. लाख गार झाली की कडक होते. म्हणजे प्रत्येक खड्याचा खळगा काठीवर असणारच!

सराफ आणि कारागीर दोघांना बोलावले. पंचांसमोर सील फोडले. माळवाल्याकडून जप्त केलेला एक खडा घेतला; तो पहिल्या काठीवर बसेना. दुसरीवरही नाही. हवालदारांनी आणखी एक पुढे केली आणि खडा आत गेला, दाढ हिरडीत असावी तसा. तसूभर हलेना.

"बसला!" मी साहेबपण विसरून ओरडलो.

मग एकेक बसत गेला. माळवाल्याने कारागिरांकडे बोट केले. "हे जेवायला आत गेले, तवा उचलले," तो म्हणाला.

सराफ उठून कारागिरांसमोर उभे राहिले. "मामा, चुकलो. कोर्टातून माल सुटला की उरलेलं काम तुम्हीच करायचं."

मामा काठ्यांकडे बघत होते. "करतो की. पण साहेबांनी समदे उलटे बसवल्यात. आता खालची बाजू वर पायजे."

सगळे ठाणे हसले.

माणूस गोष्ट रचतो आणि ती पटतेही. चोराने काय नेले याइतकेच मागे काय टाकले ते बघायचे, हे मी त्या दिवशी शिकलो.

निवृत्तीनंतर माझ्या बऱ्याच दुपारी मामांच्या ओट्यावर गेल्या. यंदा ते वारले. परंड्यात आता खडे घासणारे कोणी नाही. त्यांनी जडवलेले दागिने लोकांच्या अंगावर आहेत.