घासलेला चेंडू

काल शाळेच्या मैदानावर एका पोरानं विकेट घेतली आणि सगळी पोरं त्याच्या गळ्यात पडली. कट्ट्यावर बसून बघताना माझं डोकं फिरलं.

ह्याच मैदानावर मी गावाचा बोलर होतो. आम्ही गावकुसाबाहेरचे. चेंडूला थुंकी लावून मी तो मांडीवर घासायचो. आमचा कॅप्टन, पाटलांचा आबा, तोच चेंडू झेलून आपल्या पांढऱ्या पँटीवर घासायचा. तेव्हा काही बाटत नव्हतं. पाणी प्यायची वेळ आली की मात्र मी ओंजळ धरायची आणि त्यानं तांब्या वरून ओतायचा. विकेट मी काढायचो, मिठ्या ते एकमेकांना मारायचे. मी लांब उभा राहून बाही गुंडाळत असायचो, जसं काही मला तेच काम होतं. माझी थुंकी चालत होती, मी चालत नव्हतो.

काल आबाही काठी टेकत आला, शेजारी बसला. "तुझ्यासारखा बोलर परत झाला नाही बघ गावात," म्हणाला, आणि हात पुढं केला.

मी हात मांडीवरच ठेवला. म्हणालो, "आबा, हात विकेट पडल्यावर लगेच द्यायचा असतो."