शीतगृहातली फ्लॉपी

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण दिंडोरीकडच्या त्या शीतगृहाचं अजून डोक्यातून जात नाही.

खंडेनवमीच्या दुपारी मालक ठाण्यात आले. दसऱ्याच्या बाजारासाठी ठेवलेला गुलाब खराब व्हायला लागला होता. "साहेब, ऑपरेटरनं फ्लॉपी चोरली. गुन्हा दाखल करा!"

आधी ती भानगड समजून घ्यावी लागली. शीतगृह सांभाळणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढावा म्हणून त्यात नव्या प्रोसेसरचा बोर्ड बसवला होता. पण आतली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम त्या बोर्डाला ओळखतच नव्हती. दर वेळी सुरू करताना फ्लॉपीतला एक प्रोग्राम लागे, नाहीतर पडदा काळा आणि थंडावा बंद. म्हणून फ्लॉपी कायम आतच असायची. बोर्ड बसवणारा सणाला गावी गेलेला, फोन बंद. नवा कॉम्प्युटर घ्यायचा सोडून हे लचांड! असो.

ऑपरेटरला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी लागली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. त्याला समोर बसवलं.

"खरं सांग, जाता जाता मालकाला इंगा दाखवलास ना?"

"नाय साहेब. आज सुट्टीच होती माझी. गुन्हा लागला तर हातची नोकरी जाईल, एवढं कळतं मला."

त्याने पाणी मागितलं आणि प्यायचं विसरला. माझ्या अनुभवात चोर पाणी विसरत नाही.

त्याला सोबत घेऊन पंचनाम्याला गेलो. कॉम्प्युटरला हात कोणी लावला? मालक म्हणाले कोणी नाही, वॉचमनही तेच. वैताग आला. सणाचा दिवस, पाय दुखत होते. शेवटी मालकीणबाईंना म्हटलं, "वहिनी, सकाळपासून इथं काय काय केलंत ते सांगा."

"झाडलोट केली, मशीन बंद करून पुसलं, पूजा केली."

"म्हणजे हात लावलात!"

"अहो, मी कशाला हात लावू? पूजा केली फक्त. पाने, पक्कड, त्या मशीनमधली चौकोनी चकती, सगळं पाटावर मांडलंय. आता उद्यापर्यंत हलवायचं नसतं."

पाटावर झेंडूखाली फ्लॉपी होती, हळदकुंकू वाहिलेली. मालकांनी हात जोडून ती उचलली. ऑपरेटरने पुसून आत घातली. जरा अडखळली, मग पडदा उजळला.

मालक ओशाळले. "झालं गेलं विसर. इथंच राहा."

"एक फोन केला असता मालक, तर धावत आलो असतो. तुम्ही थेट ठाण्यात गेलात," एवढं बोलून तो निघाला.

खोटं बोलणारा कधी ना कधी सापडतो. इथं कोणीच खोटं बोलत नव्हतं, तरी एक माणूस अडकणार होता. पुढे त्याच्या पडताळणीवर मीच सही केली. आनंद नाही झाला, थकल्यासारखं वाटलं. इतका सरळ माणूस, आणि तो सरळ आहे हे सांगायला पोलीस लागावेत!