सहा-एक्केचाळीसची जोडी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी एमआयडीसीतल्या कंपनीत, तपासणी विभागात, एका शाफ्टचा व्यास मोजत होतो. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "दादा, तात्या गेले. सकाळी चहा घेतला आणि…" मी हातातलं माप आधी कागदावर लिहिलं, मग उठलो. याला पाच आठवडे झाले. ते माप तेव्हा का लिहिलं, हे मला अजून सांगता येत नाही.

तात्या माझे धाकटे मामा, लोणी भापकरचे. एकोणीस वर्षं त्यांनी स्वतःच्या ट्रकमधून ऊस, कांदा, विटा, जे मिळेल ते वाहिलं. लांब नाकाची, जुन्या घडणीची गाडी. नंतर मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, फुटली आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कायमची उभी राहिली. इंजिन ठणठणीत होतं. दर रविवारी तात्या ते दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. गाडी तसूभर हलायची नाही.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. सुट्टीच्या शनिवारी मी मोटरसायकल काढायचो, तात्या मागे, आणि आम्ही इंदापूरच्या बाजूला भंगारवाल्यांकडे जायचो. हेडलाइटची कडी, दाराची मूठ, ब्रेकचा सिलिंडर, एकेक वस्तू मिळत गेली. दुकानात शिरताना तात्या मोठ्यानं सांगायचे, "ह्यो माझा भाचा. ह्याच्या मापात बसलं तरच घ्यायचं." मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

एकदा परतताना चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "तुझ्या मामीला ह्या गाडीत एकदा बी बसवलं न्हाय. तवा वाटायचं, मालाच्या गाडीत घरची बाई कशाला… आता तिला शेजारी बसवून मोरगावला नेणार."

"मामीला विचारलंत?"

"इचारलं की. म्हणाली, तेवढंच एसटीचं तिकीट वाचंल."

शेवटी फक्त ती जोडी राहिली. मूळ जोडी सहा आणि एक्केचाळीस दातांची. इंदापुरात एका ढिगात तशीच जोडी दिसली. मी एका दातावर खडूची खूण करून मोजायला लागलो. त्रेचाळीस भरले. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, त्रेचाळीसच. लहान चक्राचे, म्हणजे पिनियनचे, सात. आमच्याबरोबर आलेले मेकॅनिक दस्तगीरभाई म्हणाले, "बसायचं घर तेच हाय, बोल्ट तेच हायेत. चालंल की वो. रिकामी गाडी, तिला काय घाट चढायचाय?"

मी म्हटलं, "ओढ कमी होईल. वेगाचा काटा दहा टक्के कमी दाखवेल. इतकं सगळं मूळचं बसवलं, आता इथं चुकवायचं?"

दस्तगीरभाईंनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी त्या मोठ्या चक्रावरून एकदा हात फिरवला, तळवा धोतराला पुसला आणि म्हणाले, "सुभाष न्हाय म्हणतोय म्हंजे न्हाय."

मी आणखी चौदा महिने शोधत राहिलो. पुणे, सोलापूर, फोनवरून पार इंदूरपर्यंत. सहा-एक्केचाळीस मिळाली नाही. तात्यांनी कधी घाई केली नाही. त्यांना घाई नाही, असंच मी धरून चाललो…

दहाव्याला दस्तगीरभाई आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती इंदापूरची जोडी मी तवाच घेऊन ठेवलीय. तात्या दोनदा येऊन बघून गेलं. म्हटलं, बसवू का? दोन दिवसांचं काम हाय. तर म्हणले, नको, पोरगं येवढं हिंडतंय, त्याला वाईट वाटंल."

मी बावन्न वर्षांचा आहे.

मागच्या आठवड्यात ती जोडी बसवली. दोन दिवसच लागले. दस्तगीरभाईंनी गाडी शेडमधून बाहेर काढली, गावाच्या वेशीपर्यंत नेऊन आणली आणि दारात उभी केली. कसलाही आवाज नाही, घरघर नाही. मग ते उतरले आणि मी चढलो. मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. मी वरूनच म्हटलं, "मामी, चला. मोरगावला जाऊन येऊ."

त्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या. दाराची मूठ धरली, सोडली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही, मी बसलो होतो तिकडेच पाहत राहिल्या.

"ते चालवणार हुते म्हणून मी बसणार हुते, सुभाष."

इंजिन चालूच होतं. मग त्या म्हणाल्या, "बंद कर आता. उगं डिझेल जळतंय."

मी इंजिन बंद करायची दांडी ओढली.